शब्दसंपादन, बालकांचे

बालक सभोवतालच्या भाषेतील शब्द ऐकून ओळखू लागते, त्यांचे अर्थ जाणते आणि पुढे ते स्वतः वापरू लागते, या प्रक्रियेस शब्दसंपादन म्हणतात. भाषासंपादनाचा हा एक भाग होय. भाषासंपादनात स्वनव्यवस्था, व्याकरण व शब्दसंग्रह अशी तीन अंगे येतात. त्यांपैकी स्वनव्यवस्थेचा पाया सर्वांत आधी घातला जातो, तर शब्दसंग्रह आयुष्यभर वाढत राहतो. जन्मापासून घरात कानी पडणाऱ्या भाषेचे शब्द आणि नंतरच्या वयात, विशेषतः शाळेत, भेटणाऱ्या परभाषेचे शब्द असे दोन्ही प्रकारचे शब्द बालक शिकते. परंतु दोहोंचे मार्ग सारखे नसतात व वयपरत्वे ते बदलतात. परभाषा जितक्या लवकर सुरू करावी तितकी ती चांगली येते, अशी समजूत सर्वत्र प्रचलित आहे. ती उच्चारांच्या बाबतीत बरीचशी खरी, व्याकरणाच्या बाबतीत अंशतः खरी आणि शब्दांच्या बाबतीत फारच थोडी खरी आहे, असे उपलब्ध संशोधनावरून दिसते. शाळेच्या माध्यमाच्या प्रश्नाशी या भेदाचा निकटचा संबंध आहे.

अभ्यासाचा इतिहास : बालकाच्या बोलण्याची पद्धतशीर नोंद ठेवण्याची प्रथा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यूरोपात रूढ झाली. फ्रेंच विचारवंत ईपॉलित तेन (१८२८–९३) यांनी आपल्या मुलीच्या भाषेविषयीची टिपणे १८७६ मध्ये प्रसिद्ध केली. त्यानंतर चार्ल्‌स डार्विन (१८०९–८२) यांनी आपल्या मुलाविषयी सु. ३७ वर्षांपूर्वी लिहून ठेवलेल्या नोंदींवरून १८७७ मध्ये एक लेख लिहिला. हा मुलगा बरोबर एक वर्षाचा असताना अन्नासाठी ‘मम्’ असा शब्द स्वतःच योजू लागला, अशी नोंद त्यात आहे. मराठी घरांतील ‘मंमं’ शी असलेले त्याचे साम्य लक्षणीय आहे. ओठ मिटून होणारा अनुनासिक स्वन तान्ह्या मुलास सुलभ असल्याने असे साम्य अनेक भाषांत आढळते. क्लारा व विल्यम श्टर्न या जर्मन दांपत्याने १९०७ मध्ये बालभाषेवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. रोमान याकॉपसन (१८९६–१९८२) यांनी १९४१ मध्ये स्वनांच्या संपादनक्रमाविषयी व्यापक सिद्धांत मांडला. रॉजर ब्राउन (१९२५–९७) यांनी तीन अमेरिकन बालकांच्या दीर्घकालीन निरीक्षणावर आधारलेला ग्रंथ १९७३ मध्ये लिहिला.

मराठीपुरते पाहता, भाषावैज्ञानिक अशोक रा. केळकर (१९२९–२०१४) यांनी मराठीतील लडिवाळ बालभाषेवर १९६४ मध्ये इंग्रजीत लिहिलेला लेख पायाभूत ठरला. चार्ल्‌स फर्ग्युसन (१९२१–९८) यांनी त्याच वर्षी सहा भाषांतील बालभाषांची तुलना केली, तीत मराठीचाही समावेश होता. भूभू, माऊ, हम्मा, चिऊ, काऊ, दुदू, भूर, जोजो, बाऊ यांसारखे शब्द बालकाने घडविलेले नसून मोठ्यांनी बालकासाठी परंपरेने राखून ठेवलेले असतात. सुलभ व्यंजने, द्विरुक्ती, आखूड रूपे व बालकाच्या निकटच्या जगातील विषय ही त्यांची लक्षणे निरनिराळ्या भाषांत समान आढळतात.

पहिले वर्ष–श्रवण : पहिला शब्द उच्चारण्यापूर्वीच शब्दसंपादनाचा आरंभ झालेला असतो. पीटर आयमास व त्यांचे सहकारी यांनी १९७१ मध्ये एक व चार महिन्यांच्या अर्भकांवर प्रयोग केले. तोच तो ध्वनी ऐकून कंटाळलेले अर्भक नवा ध्वनी कानी पडताच चोखणी अधिक जोराने चोखू लागते. या युक्तीचा उपयोग करून त्यांनी असे दाखविले, की ‘ब’ व ‘प’ यांतील भेद एक महिन्याच्या अर्भकासही कळतो.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे अर्भकास आपल्या घरात न बोलल्या जाणाऱ्या भाषांतील भेदही कळतात. कॅनडातील व्हँकूव्हर येथे जॅनेट वर्कर व रिचर्ड टीझ यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास मराठी वाचकास सहज उमगण्याजोगा आहे. इंग्रजीत दंत्य ‘त’ व मूर्धन्य ‘ट’ असा भेद नाही. हिंदीत व मराठीत तो आहे. सहा ते आठ महिन्यांच्या इंग्रजीभाषक घरांतील अर्भकांना हिंदीतील हा भेद ओळखता आला. दहा ते बारा महिन्यांच्या बहुतेक अर्भकांना तो आला नाही. हिंदीभाषक घरांतील त्याच वयाच्या बालकांची ही क्षमता मात्र टिकून होती. याचा अर्थ, पहिल्या वर्षात बालक नवे भेद ऐकण्यास शिकते त्यापेक्षा निरुपयोगी भेद सोडून देण्यास अधिक शिकते. न्यिकलाय त्रुबेत्स्कोय (१८९०–१९३८) यांनी मातृभाषेच्या स्वनव्यवस्थेस चाळणीची उपमा दिली होती. ती चाळणी वाढदिवसाच्या आधीच विणून होऊ लागते. इंग्रजीतील वर्त्स्य व्यंजने ‘टेबल’, ‘डॉक्टर’ अशी मूर्धन्य करूनच मराठी कान स्वीकारतो, हे त्या चाळणीचेच कार्य होय.

अखंड बोलण्यातून शब्द वेगळा काढणे हेही याच काळातील कार्य आहे. लिहिताना आपण दोन शब्दांत जागा सोडतो, बोलताना तशी सोडीत नाही. साधारणतः साडेचार महिन्यांचे बालक आपले नाव ओळखते. जेनी सॅफ्रन व सहकारी यांच्या १९९६ मधील प्रयोगात आठ महिन्यांच्या अर्भकांनी केवळ दोन मिनिटे ऐकविलेल्या निरर्थक अक्षरमालिकेतून वारंवार एकत्र येणारी अक्षरे हेरली. मराठी घरातील मूल ‘बाळाला’, ‘बाळाने’, ‘बाळासाठी’ अशी रूपे ऐकते व त्यांत ‘बाळ’ हा समान भाग आहे हे त्यास असेच उमगत असावे. सहा ते नऊ महिन्यांच्या बालकांना काही खाद्यपदार्थांची व अवयवांची नावे कळतात, असे २०१२ मधील एका अमेरिकन अभ्यासात आढळले.

एक ते दोन वर्षे–पहिले शब्द : साधारणतः पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास पहिला ओळखू येण्याजोगा शब्द ऐकू येतो. आकलन व उच्चारण यांत या काळात मोठे अंतर असते. हेलन बेनेडिक्ट यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणात पन्नास शब्दांचे आकलन सरासरीने तेराव्या महिन्याच्या सुमारास, तर पन्नास शब्दांचे उच्चारण अठराव्या महिन्याच्या सुमारास झाल्याचे दिसले. निरोगी बालकांतही वैयक्तिक भेद फार असतात. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस एखादे मूल काही डझन शब्द, तर दुसरे पाचशेहून अधिक शब्द बोलते. त्यामुळे शेजारच्या मुलाशी तुलना करून चिंतेत पडणे योग्य नाही. तथापि दोन वर्षांच्या मुलास बोललेले समजत नसेल किंवा ते आवाजाकडे वळत नसेल, तर श्रवणतपासणी करून घेणे अगत्याचे असते.

या वयातील उच्चार बोबडे असतात. ‘काका’ चे ‘ताता’, ‘राम’ चे ‘लाम’, ‘बाळ’ चे ‘बाल’ होते. मराठीतील ‘र’ व ‘ळ’ हे उशिरा साधणारे स्वन आहेत. मात्र स्वतः ‘ताता’ म्हणणारे मूल मोठ्यांनी मुद्दाम ‘ताता’ म्हटल्यास बहुधा हरकत घेते. यावरून शब्दाची श्रुत प्रतिमा मनात अचूक असते व उणीव केवळ जिभेच्या वळणात असते, हे स्पष्ट होते.

अर्थांचीही अशीच स्थिती असते. सर्व चतुष्पाद प्राण्यांना ‘भूभू’ म्हणणे ही अतिव्याप्ती, तर केवळ आपल्याच वाटीला ‘वाटी’ म्हणणे ही अव्याप्ती होय. नामे आधी व क्रियापदे नंतर येतात, हे मत डेड्रे गेंटनर यांनी १९८२ मध्ये मांडले. ज्या भाषांत क्रियापद वाक्याच्या अखेरीस येते व कर्ता वारंवार गाळला जातो, त्या भाषांत क्रियापदांचे प्रमाण आरंभापासून अधिक असते, असे कोरियनच्या अभ्यासकांनी दाखविले. मराठीची रचना याच जातीची आहे. ‘दे’, ‘ये’, ‘नको’, ‘पडलं’ हे मराठी बालकांच्या अगदी आरंभीच्या शब्दांत आढळतात.

दोन ते सहा वर्षे–अर्थाचा विस्तार : या काळात शब्दसंग्रह वेगाने वाढतो. सहाव्या वर्षी बालकास किती शब्द कळतात याचे अंदाज मोजण्याच्या पद्धतीनुसार बदलतात. इंग्रजीभाषक बालकांविषयी ते काही हजारांपासून सु. दहा हजारांपर्यंत आहेत.

शब्दाचा अर्थ ओळखणे ही तर्कदृष्ट्या सोपी गोष्ट नाही. अमेरिकन तत्त्वज्ञ विलर्ड क्वाइन (१९०८–२०००) यांनी १९६० मध्ये एक प्रश्न उपस्थित केला : अपरिचित भाषेचा माणूस पळणारा ससा पाहून एक शब्द उच्चारतो, तो सशाचा, त्याच्या धावण्याचा, की त्याच्या एखाद्या अंगाचा वाचक आहे, हे ऐकणाऱ्याने कसे ठरवावे? बालकापुढे हा प्रश्न दररोज उभा राहतो व ते तो काही सहज गृहीतांच्या आधारे सोडविते. नवा शब्द संपूर्ण वस्तूचा वाचक असावा आणि ज्या वस्तूचे नाव ठाऊक आहे तिला दुसरे नाव नसावे, ही त्यांपैकी दोन गृहीते होत. सूझन केअरी व एल्सा बार्टलेट यांनी १९७८ मध्ये एका बालवाडीतील तीन-चार वर्षांच्या मुलांना दोन तबके दाखवून, लाल नव्हे तर ‘क्रोमियम’ रंगाचे आणावयास सांगितले. तो शब्द मुलांनी पूर्वी ऐकलेला नव्हता. तरीही त्यांनी नेमके दुसरे तबक आणले. बऱ्याच मुलांना आठवड्यानंतरही हा शब्द रंगाचा वाचक असल्याचे अंशतः स्मरत होते. या पहिल्याच भेटीतील ग्रहणास त्वरित शब्दग्रहण म्हणता येईल. त्यानंतर अर्थ पक्का होण्यास मात्र महिने लागतात.

शब्द तोंडी आला म्हणजे त्याचा अर्थ पूर्ण आला, असे होत नाही. तीन-चार वर्षांचे मूल ‘काल’ व ‘उद्या’ यांची अदलाबदल करते. आज नसलेला दिवस एवढाच अर्थ त्यास कळलेला असतो. नात्याचे शब्द हे याचे उत्तम उदाहरण होय. तीन वर्षांच्या मुलाला ‘मामा’ हे एका विशिष्ट माणसाचे नाव असते. तो आईचा भाऊ आहे व आई त्याची बहीण आहे, ही जाण कितीतरी उशिरा येते. झां प्याजे (१८९६–१९८०) यांनी ‘भाऊ’ या शब्दाविषयी जिनीव्हातील मुलांना प्रश्न विचारले, तेव्हा आपल्याला भाऊ आहे असे सांगणारी लहान मुले, त्या भावाला भाऊ आहे का, या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी देत असल्याचे आढळले.

व्याकरणाचे नियमही बालक शब्दांतूनच काढते. ‘केले’ ऐवजी ‘करले’ म्हणणारे मूल मोठ्यांचे अनुकरण करीत नसून, ‘धरले’, ‘भरले’ यांवरून काढलेला नियम लावीत असते. जीन बर्को यांनी १९५८ मध्ये कृत्रिम शब्दांची अनेकवचने मुलांकडून करवून घेऊन हीच गोष्ट इंग्रजीबाबत सिद्ध केली.

स्वकीय व परकीय हा भेद : कोशकार व व्युत्पत्तिकार शब्दांचे तत्सम, तद्‌भव, देश्य व परकीय असे वर्ग करतात, बालकास ते ठाऊक नसतात. बटाटा, पाव, चावी, काजू हे पोर्तुगीजमधून, जमीन, हवा, बाजार हे फार्सीच्या द्वारे, अण्णा, अक्का हे द्राविडी भाषांतून, तर बस, टेबल, पेन्सिल हे इंग्रजीतून मराठीत आले. हे सारे शब्द मराठी मूल ‘पाणी’ आणि ‘घर’ यांच्या बरोबरीने, त्यांच्याच रीतीने शिकते. इतकेच नव्हे, तर त्यांना मराठी लिंग-वचन-विभक्तीही बिनचूक लावते : बस आली, ट्रक आला, टेबल मोडले, पेन्सिली हरवल्या. इंग्रजीत या नामांना असे व्याकरणिक लिंग नाही. ते लिंग मूल मराठीतूनच शिकलेले असते.

तेव्हा बालकाच्या दृष्टीने शब्दाचे परकेपण त्याच्या उगमात नसून तो कोणाकडून, कोणत्या प्रसंगी व किती वेळा ऐकला यात असते. स्वयंपाकघरात आईच्या हातून मिळालेला ‘बटाटा’ स्वकीय असतो. फळ्यावर लिहून पाठ करविलेला, घरी-दारी कधीही कानी न पडणारा शब्द मात्र भाषा कोणतीही असली तरी परकाच राहतो.

द्वैभाषिक बालक : घरात आरंभापासून दोन भाषा असल्यास मुलाच्या मनात गोंधळ होतो, अशी भीती पूर्वी व्यक्त केली जाई. फ्रेंच भाषावैज्ञानिक झ्यूल राँझा यांनी आपल्या मुलाच्या फ्रेंच-जर्मन द्वैभाषिकतेचा वृत्तांत १९१३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी व पत्नीने प्रत्येकी आपापल्या भाषेतच मुलाशी बोलण्याचा नियम पाळला होता. व्हेर्नर लेओपोल्ट यांनी आपल्या मुलीच्या इंग्रजी-जर्मन भाषाविकासावर १९३९ ते १९४९ या काळात चार खंड प्रसिद्ध केले. आरंभी ती दोन्ही भाषांतील शब्द मिसळत असे. पुढे तिने त्या वेगळ्या केल्या. एखादी गोष्ट ठराविक शब्दांतच सांगितली जावी, असा लहान मुलांचा नेहमीचा हट्ट ती धरीत नसे. वस्तू व तिचे नाव या दोन वेगळ्या गोष्टी असल्याची जाणीव तिला लवकर झाली, असा लेओपोल्ट यांचा निष्कर्ष आहे.

मायामी येथील स्पॅनिश-इंग्रजी बालकांविषयी बार्बारा पिअर्सन व सहकारी यांनी १९९३ मध्ये दाखविले, की एकच भाषा मोजली तर द्वैभाषिक मुलाचे शब्द कमी भरतात. परंतु दोन्ही भाषा मिळून ज्या कल्पनांना त्याच्याजवळ शब्द आहे त्यांची गणना केली, तर ते एकभाषिक मुलांच्या मागे नसते. एका वस्तूस एकच नाव, हे गृहीतही अशी मुले फारसे धरीत नाहीत. पुण्यामुंबईत घरी मराठी व शेजारी हिंदी किंवा गुजराती ऐकणारी मुले, किंवा तमिळनाडूत पिढ्यान्‌पिढ्या घरात तंजावरी मराठी व बाहेर तमिळ बोलणारी कुटुंबे पाहता, भारतात ही स्थिती नेहमीचीच आहे.

सहा ते बारा वर्षे व पुढे–परभाषेचे शब्द : परभाषेचा आरंभ शालेय वयात झाला असता शब्दसंपादनाचे स्वरूप पालटते. या मुलाजवळ कल्पना आधीच असतात, त्यांना नवी नावे जोडावयाची असतात. रशियन मानसशास्त्रज्ञ ल्येव्ह विगॉट्स्की (१८९६–१९३४) यांच्या मते मातृभाषा नकळत वापरातून जाणिवेकडे, तर शालेय परभाषा जाणीवपूर्वक अभ्यासातून सहज वापराकडे जाते. आणि दुसरा मार्ग पहिल्याच्या आधारानेच चालतो.

हा आधार कधी उपकारक, तर कधी अडचणीचा ठरतो. ‘सूर्य’ या कल्पनेस इंग्रजी नाव जोडणे सोपे असते. मराठी ‘हात’ खांद्यापासून बोटांपर्यंत पोहोचतो, इंग्रजीत मात्र त्याचे दोन भाग करून दोन शब्द शिकावे लागतात. उलट ‘काका’ व ‘मामा’ हा मराठीतील भेद इंग्रजीतील ‘अंकल’ मध्ये बुजून जातो. आठ-दहा वर्षांच्या मुलास हा फरक एका वाक्यात समजावून सांगता येतो. चार वर्षांच्या मुलास येत नाही. त्यास तो शेकडो प्रसंगांतून अनुभवावा लागतो.

मोठ्या मुलांची ही सरशी प्रत्यक्ष मोजली गेली आहे. कॅथरिन स्नो व मारिआन हूफनागल-हूले यांनी नेदर्लंड्समध्ये राहावयास आलेल्या इंग्रजीभाषकांच्या डच शिकण्याचा अभ्यास १९७८ मध्ये प्रसिद्ध केला. सर्वांत जलद प्रगती १२ ते १५ वर्षांच्या मुलांनी व सर्वांत मंद प्रगती ३ ते ५ वर्षांच्या मुलांनी केली. स्पेनमध्ये इंग्रजीचा आरंभ अकराव्या वर्षावरून आठव्या वर्षी आणला गेला, तेव्हा बार्सेलोना येथे कार्मेन मुन्योस व सहकारी यांनी दोन्ही गटांची तुलना केली (२००६). सारखेच तास अध्यापन झाल्यावर, उशिरा आरंभ केलेली मुले बहुतेक चाचण्यांत पुढे होती. इंग्लंड व वेल्समध्ये १९६४ ते १९७४ या काळात प्राथमिक शाळांतून आठव्या वर्षापासून फ्रेंच शिकविण्याचा प्रयोग झाला. सोळाव्या वर्षी पाहता त्या मुलांचे वर्चस्व केवळ श्रवणाच्या चाचणीत उरले होते.

निर्णायक काल : भाषासंपादनास विशिष्ट वयोमर्यादा आहे, हे मत मज्जाशल्यविशारद वाइल्डर पेनफील्ड (१८९१–१९७६) यांनी १९५९ मध्ये व एरिक लेनेबर्ग (१९२१–७५) यांनी १९६७ मध्ये मांडले. लेनेबर्ग यांच्या मते हा काल दोन वर्षांपासून यौवनारंभापर्यंतचा होय. जॅक्वेलिन जॉन्सन व एलिसा न्यूपोर्ट यांनी १९८९ मध्ये अमेरिकेत स्थायिक झालेल्या ४६ चिनी व कोरियन भाषकांचे इंग्रजी व्याकरणाचे ज्ञान तपासले. सात वर्षांपूर्वी आलेले जन्मजात इंग्रजीभाषकांच्या बरोबरीचे होते. त्यानंतर आगमनाचे वय वाढेल तसतशी गुणवत्ता घटत गेली. सु. ६·७ लाख व्यक्तींच्या चाचणीवर आधारलेल्या २०१८ मधील एका अभ्यासाने व्याकरण शिकण्याची क्षमता सतराव्या वर्षापर्यंत टिकते असे प्रतिपादिले. त्या गणितावर नंतर आक्षेपही घेतले गेले.

हे निष्कर्ष वरील निष्कर्षांच्या विरोधी नाहीत. पहिल्या प्रकारच्या अभ्यासांनी शिकण्याचा वेग मोजला, दुसऱ्यांनी अखेरचा पल्ला. लहान मूल सावकाश शिकते, पण परभाषिक समाजात राहिल्यास अखेरीस पुढे जाते. उच्चारांची खिडकी सर्वांत आधी लहान होऊ लागते, व्याकरणाची बराच काळ उघडी राहते. शब्दांची मात्र कधीच मिटत नाही. साठाव्या वर्षीही मनुष्य नवा शब्द शिकतो.

सहवासाचे महत्त्व : वयाइतकाच, किंबहुना अधिक, परिणाम सहवासाचा होतो. पट्रीशिया कूल व सहकारी यांनी २००३ मध्ये नऊ महिन्यांच्या अमेरिकन बालकांना चार आठवड्यांत प्रत्येकी सु. २५ मिनिटांच्या बारा बैठकांतून चिनी भाषा ऐकविली. समोर बसून खेळविणाऱ्या व्यक्तीकडून ती ऐकलेल्या बालकांची त्या भाषेच्या स्वनांविषयीची जाण टिकली. तीच व्यक्ती व तेच बोलणे चित्रफितीवर पाहणाऱ्यांना काहीही लाभ झाला नाही. तान्ह्या मुलांपुढे परभाषेतील चित्रफिती लावून ठेवणाऱ्या पालकांनी हा प्रयोग ध्यानात घेण्याजोगा आहे.

तासांचा हिशेब केला तरी भेद स्पष्ट होतो. दिवसाचे दहा तास जागे राहणारे मूल तीन वर्षांत सु. ११,००० तास घरच्या भाषेच्या सहवासात काढते. शाळेत आठवड्यास ३५ मिनिटांच्या सहा तासिका व वर्षास ३५ आठवडे धरल्यास परभाषेच्या वाट्याला वर्षाकाठी सु. १२० तास येतात. त्या गतीने तेवढे तास भरण्यास सु. नव्वद वर्षे लागतील. लहान मुलाची शिकण्याची रीत सहवासावर पोसली जाते. सहवास नसेल तर लहानपणाचा लाभही मिळत नाही.

विस्मरण : लवकर शिकलेले शब्द कायम टिकतात, हेही सर्वस्वी खरे नाही. तीन ते आठ वर्षांच्या वयात फ्रेंच कुटुंबांनी दत्तक घेतलेल्या कोरियन मुलांची प्रौढपणी तपासणी केली असता (२००३) त्यांना कोरियन शब्द ओळखता आले नाहीत व मेंदूच्या प्रतिमांतही त्या भाषेचा माग दिसला नाही. उलट, तिसऱ्या वर्षापूर्वी चीनमधून दत्तक गेलेल्या व केवळ फ्रेंच बोलणाऱ्या मुलींचा मेंदू चिनी सुरांना चिनीभाषकांप्रमाणेच प्रतिसाद देतो, असे माँट्रिऑल येथे २०१४ मध्ये आढळले. स्वनांचा ठसा उरत असावा, शब्द मात्र वापराविना जातात. परदेशस्थ मराठी कुटुंबांतील अनेक मुलांना मराठी समजते, पण उत्तर ती इंग्रजीत देतात; हा त्याच वाटेवरील मधला टप्पा होय.

शैक्षणिक फलिते : कॅनडातील स्थलांतरितांच्या मुलांविषयी जिम कमिन्स यांनी १९८१ मध्ये असे दाखविले, की नव्या भाषेत दैनंदिन संभाषण करण्यास सु. दोन वर्षे, परंतु त्या भाषेतून शालेय विषय समवयस्कांच्या बरोबरीने शिकण्यास पाच ते सात वर्षे लागतात. अस्खलित बोलणारे मूल पाठ्यपुस्तक समजत असेलच असे नाही. ‘बाष्पीभवन’ किंवा ‘अपूर्णांक’ यांसारखा शब्द ज्या भाषेत मूल प्रश्न विचारू शकते, तीत प्रथम उमगला, तर परभाषेतील पर्याय शिकणे हे केवळ नाव बदलणे ठरते. तो परभाषेतच प्रथम भेटला, तर नाव पाठ होते व कल्पना मागे राहते.

मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची शिफारस युनेस्कोने १९५३ मध्ये केली. भारतीय संविधानात १९५६ मध्ये समाविष्ट झालेला अनुच्छेद ३५०-क, बालकांच्या शिक्षणहक्काचा २००९ चा अधिनियम आणि २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण यांचा रोखही तोच आहे. परभाषेच्या आरंभाचे वय मात्र खाली येत गेले. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात काही काळ इंग्रजीचा आरंभ आठवीपासून होत असे. पुढे तो पाचवीपासून आणि महाराष्ट्रात २००० पासून पहिलीपासून होऊ लागला. पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा शिकविण्याविषयीचे निर्णय राज्य शासनाने एप्रिल व जून २०२५ मध्ये काढले व व्यापक विरोधानंतर जूनअखेरीस मागे घेतले.

हा प्रश्न केवळ मराठी व इंग्रजी यांपुरता नाही. मेळघाटातील कोरकू ही ऑस्ट्रो-आशियाई कुलातील, तर गडचिरोलीतील माडिया व गोंडी या द्राविडी कुलातील भाषा आहेत. तेथील मुलास पहिलीच्या वर्गात भेटणारी मराठी ही परभाषाच असते, आणि त्याच वर्गात इंग्रजीही भेटते. असे मूल गप्प बसले, तर ते मंदबुद्धीचे नसून त्याचे शब्द अन्यत्र आहेत, हे शिक्षकाने ओळखणे आवश्यक असते. त्याच्या भाषेतील शे-दोनशे शब्द शिकून घेतलेला शिक्षक त्यास मराठीपर्यंत लवकर आणू शकतो.

सारांश, परभाषा लहानपणी ऐकण्यात हानी नाही, लाभच आहे. मात्र ती माणसांच्या सहवासातून, खेळातून व गाण्यांतून यावी, स्पेलिंगांच्या घोकंपट्टीतून नव्हे. वाचन-लेखन व विषयज्ञान यांचा पाया घरच्या भाषेत पक्का करून परभाषेचे पद्धतशीर अध्यापन आठ-दहा वर्षांच्या सुमारास वाढवीत नेल्यास विशेष काही गमवावे लागत नाही. घरची भाषा मोडून परभाषा दिली, तर मात्र दोहोंतही शब्द अपुरे पडण्याचा धोका संभवतो.